हॅमस्टरच्या पिल्लाची शेपटीकडची बाजू ओली, कालपासून खात नाही. रात्रीच काही करता येईल का?

पाथर्डी फाट्याची आई (रात्री ११:२०)

नमस्कार. घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

मुलीच्या नवव्या वाढदिवसाला मागच्या रविवारी दोन हॅमस्टर आणले. सोनेरी-पांढरे. दुकानदार म्हणाला सिरियन जातीचे आहेत, पाच-सहा आठवड्यांचे, आणि जोडीच न्या, एकटं राहिलं तर झुरतं. मुलीने नावं ठेवली लाडू आणि चिवडा. दोघेही नर आहेत असं सांगितलं होतं.

चिवडा ठीक आहे. लाडू कालच्या संध्याकाळपासून कोपऱ्यात पाठीला पोक काढून, केस फुलवून बसलाय. डोळे अर्धे मिटलेले. रात्री चाकावर आलाच नाही. सकाळी काकडीचा तुकडा ठेवला, तो अजून तसाच आहे. मघाशी दहा वाजता मुलीने हातात घेतला तर मागून ओला लागला. शेपटीजवळचे केस एकमेकांना चिकटलेत आणि घाण वास येतोय. पिंजऱ्याचा नेहमीचा वास नाही हा.

पिंजरा आठ दिवस बाल्कनीत होता. खाली भुसा आहे, लाकडाच्या वखारीतून आणलेला. खायला दुकानातलं मिक्स, शिवाय काकडी, आणि दिंडोरीहून माझ्या भावाने द्राक्षं पाठवली होती त्यातले दोन-दोन मणी मुलगी रोज देत होती.

मिस्टर म्हणतात सकाळी बघू, ही जनावरं दिवसा झोपतातच. शेजारच्या काकू म्हणतात, धाकट्याचं अमॉक्सिसिलिनचं सिरप उरलंय ना, त्यातले दोन थेंब पाज. दुसऱ्या एकींनी दहीभात सांगितला. मुलगी झोपत नाहीये, पिंजऱ्यापाशी चटई टाकून बसलीय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज लगेच सांगा.

कॉलेज रोड, तीन हॅमस्टर (रात्री ११:३१)

ताई, इतकं घाबरू नका. दिवसभर झोपणं नॉर्मल आहे, आणि सध्या थंडीही आहे. आमचे पण डिसेंबर-जानेवारीत सुस्त होतात. आत घ्या, कापूस घाला, सकाळपर्यंत बघा.

नाशिकरोडचे आजोबा (रात्री ११:४४)

ताई, सकाळपर्यंत थांबू नका. वरच्या मित्राने चांगल्या मनाने लिहिलंय, पण दिवसा झोपणं वेगळं आणि रात्री चाकावर न येणं वेगळं. मागची बाजू ओली, घाण वास, पाठीला पोक आणि वय पाच-सहा आठवडे, हे चारही एकत्र आले की एक रात्रसुद्धा मोठी असते. आधी करायचं ते सांगतो, कारणं नंतर.

ते सिरप देऊ नका. अमॉक्सिसिलिन हॅमस्टरच्या जिवावर उठतं. एक थेंबही नको. दही, दूध, दहीभात काहीच नको. पिंजऱ्यातली काकडी आणि द्राक्षं काढून टाका. कोरडे दाणे राहू द्या.

पिंजरा आत घ्या. टीव्ही, मिक्सर, फोडणीचा धूर यांच्यापासून लांब, शांत खोलीत. चिवड्याला आत्ताच वेगळ्या पिंजऱ्यात किंवा भोकं पाडलेल्या मोठ्या डब्यात काढा, त्याचं पाणी-खाणं वेगळं. हा संसर्ग असू शकतो. आधी चिवड्याचं सगळं करायचं, मग लाडूचं, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. मुलीलाही धुवायला लावा. घरात कोणी गरोदर असेल तर त्यांनी या कामात हात घालू नये.

आता ऊब. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि डब्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी पाहिजे, म्हणजे जास्त झालं तर त्याला सरकता येईल. हीटर लावून तोंडाशी झोत सोडू नका. कापूस अजिबात नको. त्याचे तंतू पायाला गुंडाळतात, गालाच्या पिशवीत अडकतात. टिश्यू पेपर फाडून घाला, रंग-वास नसलेला.

मग पाणी. जुलाबात हे एवढंसं शरीर फार लवकर सुकतं. मेडिकलमध्ये मिळतं ते साधं ओआरएस, फ्लेवर नसलेलं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात विरघळवा आणि त्यातलं थोडं घेऊन तेवढंच उकळून गार केलेलं पाणी मिसळा. सुई काढलेली इन्सुलिनची सिरिंज असेल तर उत्तम, नाहीतर ड्रॉपर. ओठाच्या बाजूने एक थेंब लावा, तो चाटेल. चाटला की दुसरा. दर अर्ध्या तासाने दोन-चार थेंब. तोंड उघडून पिचकारी मारायची नाही, पाणी श्वासात गेलं तर तेच जीव घेईल. तो आडवा पडून गिळत नसेल तर काही पाजू नका, फक्त ऊब द्या.

आंघोळ घालू नका. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने मागचं पुसा आणि लगेच कोरडं करा. पुसताना नीट बघा, गुदद्वारातून लालसर काही बाहेर आलंय का. आलं असेल तर आत ढकलू नका, तसं मला लिहा.

आणि घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर वजन करा. वाटी ठेवून शून्य करा, त्यात त्याला बसवा. आकडा कागदावर लिहा, वेळ लिहा.

मी जागा आहे.

पाथर्डी फाट्याची आई (रात्री १२:३८)

काका, सगळं केलं. ओआरएस घरात होतं. बाहेर काही आलेलं नाही, पण भुशात लेंड्याच नाहीत, नुसतं पिवळं-तपकिरी पातळ. वजन ५४ ग्रॅम. आधीचं माहीत नाही. दहा-बारा थेंब चाटले त्याने, मग मान फिरवली. बाटलीकडे स्वतःहून सरकला.

मानेमागची कातडी हळूच चिमटीत धरली तर लगेच बसत नाहीये, एक-दोन सेकंद तशीच उभी राहते. हे वाईट आहे का?

नाशिकरोडचे आजोबा (रात्री १२:५०)

त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय. थेंब चालू ठेवा. स्वतःहून उबेकडे सरकला ही चांगली गोष्ट आहे, त्याला अजून कळतंय. सकाळी दवाखाना उघडेल त्या मिनिटाला तुम्ही दारात असल्या पाहिजेत. नुसत्या पाण्याने हा आजार जात नाही, आपण फक्त त्याला सकाळपर्यंत नेतोय.

नाशिकरोडचे आजोबा (रात्री १:२२)

अजून जाग्या असाल तर कारण सांगतो. सिरपचं एवढं ठामपणे का लिहिलं, तेही.

मी नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये, नोटा-स्टॅम्प छापतात तिथे होतो, आता निवृत्त. माझ्या नातीने आणलेला पहिला हॅमस्टर मोती. २०१९ च्या पावसाळ्यात तो शिंकायला लागला. मीही तुमच्यासारखाच वखारीतला भुसा घालत होतो, देवदार-पाइनचा, घरभर छान वास यायचा. तो छान वास म्हणजे लाकडातली तेलं, आणि तीच त्याच्या नाकाला आणि फुप्फुसाला त्रास देत होती. मला वाटलं सर्दी आहे. नातवाला दिलेलं अमॉक्सिसिलिन फ्रिजमध्ये होतं. माणसाच्या बाळाला चालतं म्हणजे याला अगदी थोडं चालेल, असा हिशेब केला आणि रोज दोन थेंब दिले. दुसऱ्या दिवशी शिंका कमी वाटल्या, मला बरं वाटलं. चौथ्या दिवशी जुलाब. पाचव्या दिवशी सकाळी मी फिरून आलो तेव्हा तो गार झाला होता.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. हॅमस्टरच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक पिशवी असते, तिथले जंतू त्याचे दाणे-पाला पचवतात. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं ते चांगले जंतू मारतात. जागा मोकळी झाली की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि त्याचं विष आतडं जाळतं. म्हणजे शिंकांनी मोती गेला नसता. औषध मी दिलं, माझ्या हाताने दिलं. नात तेव्हा दहा वर्षांची होती. ती मला त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही, आणि तेच मला अजून लागतं.

तुमच्या लाडूला जे असावं असं मला वाटतं त्याला वेट टेल, म्हणजे ओली शेपटी, म्हणतात. सिरियन पिल्लांना आईपासून तोडल्यावर, साधारण तिसऱ्या ते दहाव्या आठवड्यात होतो. लॉसोनिया इंट्रासेल्युलॅरिस नावाचा जंतू आतड्याच्या आवरणात शिरतो. पण बहुतेक वेळा त्याला वाट करून देतो तो ताण. आईपासून तुटणं, दुकानातली गर्दी, खोक्यातला प्रवास, नवीन घर, नवीन खाणं, गार वारा, हे सगळं त्याच्यावर पंधरा दिवसांत आलंय. तुमच्या मुलीच्या द्राक्षांनी हे झालं असं तिला वाटू देऊ नका. द्राक्षात साखर आणि पाणी फार, एवढ्या पिल्लाला नकोत, पण नुसत्या चार मण्यांनी हा आजार येत नाही. तिला झोपवा. पुढचे थेंब तुम्ही द्या.

निफाडकर शेतकरी (पहाटे ५:४०)

मळ्यातून आत्ताच आलो, रात्रपाळीची लाइट होती, म्हणून आत्ता वाचलं. बाळ कसं आहे ताई?

थंडीबद्दल एक सांगतो, पुढे कोणाच्या कामाला येईल. आमच्याकडे निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो हे सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पोराचा हॅमस्टर गोळा होऊन पडलेला, बर्फासारखा गार, हलवलं तरी हलेना. मी बांधावर पुरायला खड्डापण काढला. पोरगा रडत मुठीत धरून बसला आणि म्हणाला, बाबा, मिशी हलली. मी म्हणालो तुझा भास. पण नीट बघितलं तर खरंच, मिनिटात एखाद-दुसरा श्वास चालू होता. त्याला छातीशी धरून, मग शेगडीच्या खोलीत, तास-दीड तास हळूहळू ऊब दिली. आधी मान हलली, मग थरथर सुटली, मग डोळे उघडले. पुढे वर्षभर जगला.

गारठ्याने ते असे निपचित होतात. मेलेलं काही तासांत ताठ होतं, हे बहुधा मऊ असतं, हातपाय वाकतात. म्हणून कोणाचाही हॅमस्टर थंडीत सकाळी असा दिसला तर घाईने पुरू नका. एकदम गरम पाण्यात किंवा चुलीजवळपण नको. हळू.

नाशिकरोडचे आजोबा (सकाळी ६:१०)

दादा, फार मोलाचं सांगितलंत. लाडूचं मात्र ते नाही. गारठलेल्याचं मागचं ओलं नसतं आणि वास येत नसतो. ताई, सकाळचं वजन?

पाथर्डी फाट्याची आई (सकाळी ६:२५)

५२. रात्रभर थेंब दिले, दोनदा मला डोळा लागला तेव्हा मिस्टरांनी दिले. जिवंत आहे. डोळे जास्त आत गेल्यासारखे वाटतात. आता दवाखाने शोधतेय.

शिरवळ, शेवटचं वर्ष (सकाळी ७:५५)

नमस्कार. घर सातपूरला, सध्या शिरवळला पशुवैद्यकच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी अजून डॉक्टर नाही, पण एवढं नक्की सांगू शकतो.

आधी फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "हॅमस्टर बघता का?" नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांचे दवाखाने भरपूर आहेत, पण सगळेच एवढ्या छोट्या प्राण्याला हात लावत नाहीत. ससे आणि पक्षी बघणारे डॉक्टर बहुधा हॅमस्टरही बघतात. नाही म्हणाले तर त्यांनाच विचारा कोण बघतं. ते एकमेकांना ओळखतात. मुंबईला परळच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात नेण्याचा विचार आत्ता करू नका, चार तासांचा प्रवास याला झेपणार नाही.

नेताना छोटा डबा, खाली टिश्यू, वर गडद कापड, शेजारी गुंडाळलेली गरम बाटली. रिक्षा करा, टू-व्हीलरवर वारा लागेल. ओला भुसा थोडा प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, डॉक्टरांना बघायला लागेल. रात्रीचे वजनाचे आकडे आणि किती थेंब दिले तो कागद न विसरता न्या. कोणतंही औषध दिलं असेल तर सांगा, लपवू नका.

डॉक्टर बहुतेक कातडीखाली सलाईन देतील आणि याला चालणारं अँटिबायोटिक वजनावर काढतील. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा या गटातली औषधं हॅमस्टरला वापरतात. डोस मात्र घरी अंदाजाने नाही. ५२ ग्रॅमच्या जिवात अर्ध्या थेंबाचाही फरक पडतो.

हे पुढे वाचणाऱ्यांसाठी: मागचं ओलं दिसलं की प्रत्येक वेळी जुलाबच असतात असं नाही. हॅमस्टरची लघवी मुळातच गढूळ, पांढरट असते, त्याला घाबरू नका. मादीला दर चार दिवसांनी पांढरा चिकट स्राव येतो, तोही नेहमीचाच. पण त्याला पुवासारखा वास असेल, रक्त असेल, पोट फुगलं असेल तर गर्भाशयाचा आजार असू शकतो, लगेच दाखवा. आणि छोट्या जातीचे, म्हणजे ड्वार्फ हॅमस्टर, एकदम खूप पाणी प्यायला आणि खूप लघवी करायला लागले तर मधुमेह तपासून घ्या. कॅम्पबेल जातीत तो बराच दिसतो.

पाथर्डी फाट्याची आई (दुपारी ४:१५)

तिसऱ्या फोनला हो म्हणाले. पहिल्या ठिकाणी "उंदराला कशाला एवढं" असं ऐकून घ्यावं लागलं. मुलगी शेजारीच उभी होती, तिने ऐकलं. ते जाऊ दे.

ज्यांनी बघितलं त्या डॉक्टर मॅडमनी दहा मिनिटं नुसतं निरीक्षण केलं, मग तपासलं. वेट टेलच म्हणाल्या. मानेमागे कातडीखाली सलाईन दिलं. एन्रोफ्लॉक्सासिनच दिलंय, पातळ करून, सिरिंजवर पेनने रेघ मारून. उद्या परत बोलावलंय. म्हणाल्या, निम्म्याहून जास्त पिल्लं यात जातात, मी खोटी आशा देत नाही, पण तुम्ही रात्री पाणी दिलं म्हणून हा इथपर्यंत आला. सिरप दिलंत का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. नाही म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं, काका.

चिवड्यालाही तपासलं, ठीक आहे. पण दोघांना परत एकत्र ठेवायचंच नाही म्हणाल्या. सिरियन मोठे झाले की एकत्र राहत नाहीत, भांडून एकमेकांना जखमी करतात, मारूनही टाकतात. दुकानदाराने तर उलट सांगितलं होतं. दुसरा पिंजरा घेतलाय. लाडूचा जुना पिंजरा गरम पाण्याने, साबणाने आणि पातळ ब्लीचने धुऊन, खळखळून, उन्हात वाळत घातलाय. वखारीचा भुसा फेकला.

कॉलेज रोड, तीन हॅमस्टर (सायंकाळी ५:०२)

ताई, काल रात्री मी "सकाळपर्यंत बघा" लिहिलं त्याबद्दल मनापासून सॉरी. कापूसही मीच सांगितला होता. आमच्या पिंजऱ्यात होता, आज काढून टाकला. लाडूला बरं वाटू दे.

नाशिकरोडचे आजोबा (रात्री ९:३०)

मित्रा, तू लिहिलंस म्हणून मला फरक सांगता आला. मनाला लावून घेऊ नकोस.

ताई, आता माझ्या वजनाच्या वहीबद्दल. मोतीनंतर वर्षभर मी घरात हॅमस्टर येऊ दिला नाही. मग नातीने चिमी आणली, आणि मी एक शंभर पानी वही आणली. प्रेसमध्ये आयुष्यभर कागद मोजले, एक कागद कमी भरला तर पाळी सुटायची नाही. तीच सवय चिमीच्या कामाला आली. दर रविवारी आणि बुधवारी रात्री साडेनऊला, ती जागी झाल्यावर, वजन. पुढे चार रकाने: पाणी किती उतरलं, चाक फिरलं का, लेंड्या कशा, अंग कसं.

हॅमस्टर आजार लपवतो. रानात जो दुबळा दिसतो त्याला घुबड-कोल्हा आधी उचलतो, म्हणून अंगात त्राण असेपर्यंत तो धडधाकट असल्यासारखाच वागतो. आपल्याला दिसतं तेव्हा आजाराचे अर्धे दिवस सरलेले असतात. वजन मात्र लपवता येत नाही.

चिमी मोठी सिरियन मादी, १४२ ग्रॅम. एका बुधवारी १३८ भरली. रविवारी १३४. मी वाटी बघितली, तर रिकामी. म्हणजे खातेय, असं वाटलं. पुढच्या बुधवारी १२९. तेव्हा तिचं घरटं उचलून बघितलं, तर खाली मूठभर दाणे साठवलेले, एकही फोडलेला नाही. हॅमस्टर वाटीतून उचलतो म्हणजे खातो असं नाही, तो गालात भरून नेऊन ठेवतो. हे मला माहीत होतं, तरी वाटी रिकामी बघून मी फसलो. हनुवटी बघितली तर लाळेने ओली. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडून झिजले नाहीत की वळतात. तिचा वरचा एक दात वळून आत टोचत होता. डॉक्टरांनी तो कापून दिला आणि घरी नखं कापायच्या कात्रीने कधी कापू नका, दात उभा चिरतो, असं बजावलं. त्याच रात्री चिमीने भिजवलेले ओट्स खाल्ले. दीड महिन्याने परत १४० वर आली. दात पिवळे-नारिंगी दिसले तर ते सडलेले नाहीत, त्यांचा रंगच तसा. उलट पांढरे पडले तर डॉक्टरांना दाखवा.

माझा नियम असा: मोठ्या हॅमस्टरचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं की कारण सापडो न सापडो, दवाखाना. वाढत्या पिल्लाचं वजन उतरलंच नाही पाहिजे. नुसतं एका जागी थांबलं तरी बघायचं.

पाण्याचंही तसंच. शंभर ग्रॅमला दिवसाला साधारण दहा मिलिलिटर. बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवा. आणि पाणी अजिबात उतरलं नाही तर आधी नळीची गोळी बोटाने दाबून बघा, अडकलेली असते. माझ्याकडे एकदा तसंच झालं होतं, मी आजार शोधत बसलो आणि तो बिचारा तहानलेला होता.

वही मुलीकडे द्या. नऊ वर्षांचं मूल हे मोठ्या माणसापेक्षा नीट करतं.

आणि लाडू पुढे निरोगी राहिला तरी एप्रिल आत्तापासून लक्षात ठेवा. नाशिकची थंडी सगळ्यांच्या ध्यानात येते, पण चाळीस अंशांतली दुपार याला थंडीपेक्षा वाईट. लांब पसरून पडला, धापा टाकायला लागला तर ते ऊन लागणं आहे. खोली गार करा, पिंजऱ्यात मातीचं भांडं उपडं ठेवा, आत जाऊन बसेल. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पाथर्डी फाट्याची आई (चौथ्या दिवशी, रात्री ८:५०)

मुलीच्या वहीतून जसंच्या तसं उतरवते:

"सोमवार ५२. मंगळवार ५१, खूप झोपला. बुधवार ५१, एक सूर्यफुलाची बी सोलली पण टाकली. गुरुवार ५३, तीन खऱ्या लेंड्या!!! चाक नाही. चिवडा ६३, चाक खूप."

तीन लेंड्यांवर तिने लाल पेनने गोल केलाय. मॅडमनी औषध पूर्ण कोर्स द्यायला सांगितलंय, बरा दिसला तरी मध्येच बंद करायचं नाही.

नाशिकरोडचे आजोबा (रात्री ९:०५)

त्या तीन लेंड्या वाचून मी नातीला हाक मारून दाखवलं. ती आता दहावीला आहे. कोर्स पूर्ण करा. आणखी आठवडाभर काकडी, कोथिंबीर काही नको.

पाथर्डी फाट्याची आई (पाच आठवड्यांनी, रात्री १०:१२)

काका, परत घाबरून लिहितेय. लाडू मस्त होता, रात्रभर चाक, मिस्टरांनी चाकाला खोबरेल तेल लावलं एवढा आवाज. आज मुलीला त्याच्या दोन्ही कुशींवर, कमरेच्या थोडं वर, केसांखाली एकेक काळा डाग दिसला. डाळीएवढा, जरा ओलसर, आजूबाजूचे केस विरळ. गोचीड आहे का? जखम? खाणं, लेंड्या, वजन सगळं ठीक आहे. फोटो टाकता येत नाहीये.

नाशिकरोडचे आजोबा (रात्री १०:२०)

दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर, समोरासमोर आहेत का?

पाथर्डी फाट्याची आई (रात्री १०:२४)

हो. अगदी सारखे.

नाशिकरोडचे आजोबा (रात्री १०:३१)

मग शांत झोपा. त्या वासाच्या ग्रंथी आहेत, प्रत्येक सिरियन हॅमस्टरला असतात. नर वयात आला की ठळक होतात. त्या भिंतीला घासून तो आपली हद्द आखतो. खरवडू नका, तेल लावू नका, औषध लावू नका. एकाच बाजूला गाठ वाढली, रक्त आलं किंवा तो तिथे सारखा खाजवू लागला तरच मॅडमना दाखवा. चिवड्याला बघा, त्यालाही सापडतील.

वजन काय भरलं आज?

पाथर्डी फाट्याची आई (रात्री १०:४०)

चिवड्याला आहेत! मुलगी दोघांचेही डाग वहीत काढून ठेवतेय.

लाडू ९८. चिवडा ११०.